परतीच्या वाटेचा हिशेब



गणिताचें उत्तर चुकलें आणि मुलानें रीत मांडलेली नसली, तर चूक कोठें झाली यावर परीक्षकाला बोट ठेवतां येत नाहीं. चूक दिसते शेवटच्या ओळींत. झालेली असते कदाचित् दुसऱ्याच ओळींत. संगणकाच्या बाबतींतहि नेमका हाच प्रश्न उभा राहतो. तो सोडविणाऱ्या एका साधनाची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

संगणकाचा प्रोग्राम म्हणजे लहान लहान कामांची सांखळी. एक काम चालूं असतां दुसरें काढावें लागतें, त्यांतून तिसरें. प्रत्येक काम आटोपतांच जेथून निघालों तेथें परतावयाचें, म्हणून निघतांना परतीचा पत्ता टिपून ठेवतात. हे पत्ते ताटांच्या चळतीसारखे एकावर एक रचले जातात. शेवटीं ठेवलेलें ताट प्रथम उचलावयाचें. या चळतीला स्टॅक म्हणतात. अॅलन ट्यूरिंग यांनीं १९४६ सालच्या आपल्या अहवालांत परतीचा पत्ता 'पुरणें' आणि 'उकरणें' अशा शब्दांत हीच युक्ति सांगितली होती.

प्रोग्राम कोसळला म्हणजे आळ येतो सर्वांत वरच्या ताटावर. पण त्याला चुकीचा आंकडा देणारा खालचाच कोणी असूं शकतो. निरपराध्यास शिक्षा होऊं नये म्हणून चळत वरून खालीं उलगडून पाहणें भाग पडतें. पूर्वीं प्रत्येक ताटावर खालच्या ताटाची खूण सामान्यतः असे. ती सांभाळण्यांत थोडा वेळ जातो, शिवाय प्रोसेसरचें एक रजिस्टर अडकतें. म्हणून गतीच्या लोभानें ती गाळण्याचा प्रघात पडला. खुणेऐवजीं कंपायलर तीच माहिती निराळ्या तक्त्यांत लिहूं लागला. आतां तो तक्ता वाचावयाचा कोणीं?

इटॅनियम हा प्रोसेसर २००१ सालीं बाजारांत आला. त्यावर तर तक्त्यावांचून वाट सांपडणेंच कठीण. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींतील डेव्हिड मॉसबर्गर यांनीं त्यानंतरच्या कांहीं वर्षांत लिनक्सकरितां जी लायब्ररी लिहिली, तिचें नांव लिबअन्वाइंड. येथें लायब्ररी म्हणजे पुस्तकांचें दालन नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामांनीं हवे तेव्हां वापरावेत असे तयार भाग. आरंभींच्या आवृत्त्यांचे क्रमांक शून्यानें सुरू होत, म्हणजे काम पुरें झाल्याचा दावा नव्हता. भर मुख्यतः इटॅनियमवर होता. इतर प्रोसेसरांची व्यवस्था मागाहून पक्की होत गेली.

तिची कार्यपद्धति सुटसुटीत आहे. प्रथम यंत्राची त्या क्षणाची स्थिति टिपावयाची. मग वरच्या ताटावर बोट ठेवावयाचें. तेथील पत्ता वाचावयाचा. आणि बोट एक पायरी खालीं न्यावयाचें. या पायरीचीं उत्तरें तीन प्रकारचीं. धन संख्या आली तर 'पुढें सरकलों'. शून्य आलें तर 'तळ लागला'. ऋण संख्या आली तर 'येथें अडलों'. 'संपलें' आणि 'अडलों' यांतील हा भेद मला फार मोलाचा वाटतो. ज्याला माग सांपडत नाहीं त्यानें तळ लागल्याचा बहाणा केला, तर खरा दोष झांकला जातो व भलत्यावर ठपका बसतो. हें सूत्र यंत्रालाच नव्हे, चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

इटॅनियमची विक्री २०२१ सालीं थांबली. ही लायब्ररी मात्र इतर प्रोसेसरांवर आजहि वापरांत आहे. आणि गाळलेली ती खूण? २०२३ सालीं फेडोरा ३८ नें व २०२४ सालीं उबंटू २४.०४ नें आपल्या प्रोग्रामांत ती पुनः ठेवण्यास आरंभ केला. थोडी गति खर्चून परतीची वाट स्पष्ट राखणें त्यांना अधिक हिताचें वाटलें. रीत मांडण्यास वेळ लागतोच. पण उत्तर चुकतें त्या दिवशीं तो वेळ वाया गेला असें कोणीहि म्हणत नाहीं.