जवस : दाण्यातले तेल आणि बाटलीतले तेल

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात कापसाच्या भावावर बोलायचे, कर्जावर बोलायचे, वीजबिलावर बोलायचे, ही आपली रीत. आज मी ताटातल्या तेलावर बोलणार आहे. विषय बदलला असे समजू नका. शेतातून काय निघते, बाजारात काय जाते आणि घरात काय परत येते, हा हिशेब तोच आहे.

इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. रब्बी ज्वारीत, हरभऱ्यात जवसाची तासे असायची. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरले की थंडीत निळी फुले दिसायची. भाकरीबरोबर जवसाची चटणी असायची. नागपूर-भंडाऱ्याकडे तर जवसाचे तेल रोजच्या खाण्यात होते. १९७० च्या सुमारास देशात जवसाखाली वीस लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती. आज तिच्या पाचव्या हिश्शाइतकीही राहिलेली नाही. ज्या घरी जवस पिकत होता त्या घरी आज पामतेलाची पिशवी येते. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, १९९८ मध्ये तिच्यावरची जकात १५ टक्क्यांवर आणली गेली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते. जवस मागे पडायला बाजारभाव आणि उत्पन्न ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण खुद्द त्याच्या तेलात आहे. ते समजून घेतले तर जवस खायचा कसा आणि विकायचा कसा, दोन्ही समजेल.

आधी जुने शास्त्र काय म्हणते ते पाहू. आयुर्वेदात तेलातुपाला एकच शब्द आहे, स्नेह. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्नेहावर एक सबंध अध्याय आहे. तूप, तेल, वसा म्हणजे चरबी, आणि मज्जा असे चार स्नेह त्यात सांगितले आहेत. चौघांत तूप श्रेष्ठ आणि तेलांमध्ये तिळाचे तेल श्रेष्ठ मानले आहे. ज्या बियांपासून तेल काढतात त्यांच्या यादीत मोहरी, करडई, मोह, एरंडी यांच्याबरोबर अतसी आहे. अतसी म्हणजेच आपला जवस, कोणी अळशी म्हणतात. पण चरकाने जवसाच्या तेलाला डोक्यावर घेतलेले नाही. ते उष्ण आहे, वाताला चांगले आहे, पण रक्तपित्त वाढवते, असे तो म्हणतो. पुढच्या काळातल्या भावप्रकाशातही जवस पचायला जड आणि उष्ण सांगितला आहे. म्हणजे आयुर्वेदाच्या नावाने जो कोणी तुम्हाला सांगतो की जवसाचे तेल सर्वांना, सर्वकाळ, कितीही चालते, त्याने ग्रंथ उघडलेला नाही. स्नेह घ्यायचा तो ऋतू पाहून, प्रकृती पाहून, पचवण्याची ताकद पाहून, हे या शास्त्राचे सांगणे आहे.

आता आजचे आहारशास्त्र. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवराबायकोने उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेले खाणे दिले. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यासारखी झाली. त्यातून कळले की काही स्निग्धाम्ले शरीराला लागतात, पण शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. ती खाण्यातूनच मिळवावी लागतात. आज अशी दोन मानतात. एक लिनोलिक, म्हणजे ओमेगा-६ जातीचे. दुसरे अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३ जातीचे.

पहिल्याची आपल्याकडे वाण नाही. करडईच्या तेलात ते भरपूर, सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास, तीळ आणि भुईमुगातही चांगले. दुसऱ्याचे मात्र या चारही तेलांत नाव घेण्यासारखे प्रमाण नाही. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात थोडे आहे, पालेभाजीत थोडे आहे. जवसाच्या तेलात मात्र ते निम्म्याच्या आसपास असते. समुद्राकाठच्या माणसाला मासळीतून ओमेगा-३ मिळते. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला ते देणारा एवढा मोठा साठा दुसरा नाही. मासळीतले आणि जवसातले ओमेगा-३ तंतोतंत एक नाही. जवसातल्याचा थोडाच भाग शरीर मासळीतल्यासारखा करून घेऊ शकते. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपण आणि जाहिरातवाले यांत फरक काय?

मग एवढे गुणाचे तेल बाजाराने का टाकले? कारण ते टिकत नाही. या स्निग्धाम्लाची रचना अशी की हवेतला प्राणवायू त्याला लगेच धरतो. पातळ थर हवेत राहिला की तो वाळून कडक होतो. म्हणूनच जवसाचे तेल रंगात, वार्निशात, छपाईच्या शाईत गेले. सुतार दरवाजाला बेलतेल लावतो ते हेच, उकळलेले. जो गुण शरीराच्या कामाचा, तोच रंगाच्या कामाचा, आणि त्याच गुणामुळे तेल बाटलीत खवट होते आणि फोडणीच्या उष्णतेत बिघडते. दुकानदाराला महिनोन् महिने फळीवर राहणारे तेल हवे. जवसाचे तेल त्या परीक्षेत नापास आहे.

बाजाराने टिकाऊपणासाठी काय केले तेही कापूसवाल्याने ऐकावे. अमेरिकेत १९११ मध्ये सरकीच्या तेलात हायड्रोजन घालून ते गोठवले आणि डब्यात विकायला काढले. आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा आला. गोठवलेले तूप टिकू लागले, पण त्यात ट्रान्स फॅट तयार झाले, आणि ते हृदयाला घातक आहे हे लोकांना कळायला कित्येक दशके गेली. आपल्या देशात तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ पासून. टिकते म्हणून चांगले आणि टिकत नाही म्हणून वाईट, हे माप दुकानाचे आहे, पोटाचे नव्हे.

आता शास्त्रज्ञांनी टीएल-९९ नावाचा जवसाचा वाण काढला आहे. त्याच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक अगदी कमी, म्हणून ते तेल टिकते आणि स्वयंपाकाला चालते. तेल विकायचे असेल तर या वाणाचा जरूर विचार करा. पण ओमेगा-३ साठी घरी खायचा असेल तर तो नव्हे, नेहमीचा जवस लावा. बियाणे घेताना हा फरक विचारून घ्या.

घरात खायचा तर बाटलीच्या मागे लागू नका. देवाने दाण्याला टरफल दिले आहे, त्याच्याआड तेलाला हवा लागत नाही. दाणा कोरडा ठेवला तर हंगामभर टिकतो. अख्खा दाणा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून मंद आचेवर भाजून कुटायचा. लसूण, तिखट, मीठ, जिरे घालून चटणी करायची, आणि आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढीच करायची. आपल्या आयाआज्या हेच करत होत्या. भाजण्याचे आणखी एक कारण आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते हे तुम्ही जाणता. तसल्याच विषाचा अंश कच्च्या जवसात असतो, भाजल्याने तो कमी होतो.

सावधगिरीच्या चार गोष्टी. रंगाच्या दुकानातले अळशीचे तेल किंवा बेलतेल कधीही पोटात घेऊ नका, त्यात ते लवकर वाळावे म्हणून धातूंची औषधे घातलेली असतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जवस जास्त खाऊ नये. जवस खाल्ला की भरपूर पाणी प्यावे. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची. जर्मनीत योहाना बुडविग नावाच्या बाईंनी जवसाचे तेल दुधाच्या चक्क्यात कालवून देण्याने कर्करोग बरा होतो असा दावा केला होता. तो सिद्ध झालेला नाही. तरी ते ऐकून कोणी औषधोपचार सोडतो आणि कोणी त्याला महाग बाटली विकतो. जवस हे अन्न आहे. अन्नाला औषधाचा भाव लावून विकणारा आपल्याकडून तोच दाणा कवडीमोलाने नेतो, हे विसरू नका.

शेवटचा हिशेब. दहा ग्रॅम जवस, म्हणजे मोठा चमचाभर कूट. त्यात साधारण चार ग्रॅम तेल आणि दोन ग्रॅम ओमेगा-३. मोठ्या माणसाची दिवसाची गरज दीड ग्रॅमच्या आसपास आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला अठरा-एकोणीस किलो जवस पुरतो. हेक्टरी तीन क्विंटल एवढे हलके उत्पन्न धरले तरी दहा गुंठ्यांत तीस किलो होतात. घरचे भागून पुढच्या पेरणीचे बियाणेही निघते. पाणी द्यायचे नाही, कापसासारखा फवारणीचा खर्च नाही. हरभऱ्यात तासे टाकली तर वेगळी जमीनही लागत नाही.

सरकारने आयात थांबवावी की नाही, आपल्या तेलबियांना भाव कसा मिळवायचा, यावर आपण भांडतच राहू. पण हे दहा गुंठे कोणाच्या परवानगीवर अडलेले नाहीत. येत्या रब्बीत प्रत्येकाने एवढा जवस टाकावा, आणि पुढच्या मेळाव्याला येताना भाकरीबरोबर घरची चटणी बांधून आणावी. एवढे करा, बाकीचे आपण बसून ठरवू.