पुसलेली बातमी आणि तिच्या नकला

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी आरतीनंतर या मांडवात कोणी ना कोणी दोन शब्द बोलतो. यंदा पाळी आमच्यावर आली. सचिवांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हटलं, "दाबलेली बातमी." ते जरा दचकले. म्हणाले, "तुम्ही सरकारी नोकर, जपून बोला हं." म्हणून आधीच सांगून टाकतो. गोष्ट गोव्यातली नाही, चीनमधल्या वुहान शहरातली आहे. ती ऐकताना कोणाला स्वतःचं ऑफिस किंवा स्वतःचा मोबाईल आठवला, तर त्याला आमचा इलाज नाही.

तारीख ३० डिसेंबर २०१९. वुहानच्या सेंट्रल हॉस्पिटलमध्ये तातडीच्या उपचार विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. आय फेन. न्यूमोनियाच्या एका रुग्णाचा तपासणी अहवाल त्यांच्या हाती आला. त्यावर 'सार्स कोरोना विषाणू' असे शब्द होते. २००३ साली सार्सने काय केलं, हे चीनमधल्या कुठल्याही डॉक्टरला सांगावं लागत नाही. बाईंना घाम फुटला. त्यांनी नियमाप्रमाणे हॉस्पिटलमध्ये वर कळवलं. मग त्या शब्दांभोवती लाल वर्तुळ काढलं, कागदाचा फोटो घेतला आणि दुसऱ्या हॉस्पिटलातल्या आपल्या एका वर्गमित्राला पाठवला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो शहरातल्या डॉक्टरांच्या मोबाईलवर फिरू लागला. त्याच हॉस्पिटलातले डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग यांच्यापर्यंतही तो पोचला. लींनी आपल्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर लिहिलं की सार्ससारखे रुग्ण सापडले आहेत, घरच्यांना जपायला सांगा. ग्रुपबाहेर पाठवू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. ग्रुपवर आलेली गोष्ट ग्रुपमध्ये किती वेळ राहते, हे आपल्याला माहीत आहे.

पुढे जे झालं ते ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला लगेच कळेल. १ जानेवारीला रात्री उशिरा आय फेन यांना मेसेज आला, उद्या सकाळी भेटायला या. २ तारखेला हॉस्पिटलच्या शिस्तपालन विभागाने त्यांना समोर बसवलं आणि त्यांच्या आजवरच्या नोकरीत कधी ऐकावं लागलं नव्हतं इतकं ऐकवलं. तुम्ही अफवा पसरवलीत, शहराचं नुकसान केलंत, आता हे कोणाशी बोलायचं नाही. त्यांनी घरी नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. ३ तारखेला लींना पोलीस चौकीवर बोलावलं. छापील कागदावर दोन प्रश्न होते. हे थांबवाल का? समजलं का? लींनी लिहिलं, थांबवीन, समजलं. खाली लाल शाईत अंगठा उमटवला. त्याआधी १ जानेवारीलाच सरकारी टीव्हीवर बातमी आली होती की अफवा पसरवणाऱ्या आठ जणांवर कारवाई झाली आहे.

हा रोग माणसापासून माणसाला होतो, हे सरकारी तज्ज्ञांनी २० जानेवारीला जाहीर केलं. २३ तारखेला वुहान बंद झालं. लाल वर्तुळापासून त्या कबुलीपर्यंत एकवीस दिवस गेले होते. त्या एकवीस दिवसांत लोक बाजारात गेले, लग्नांना गेले, नववर्षासाठी गावी निघाले. आय फेन यांना एकच गोष्ट करता आली. त्यांनी आपल्या विभागात मास्क सक्तीचा केला आणि पांढऱ्या कोटाच्या आत संरक्षक कपडे घालायला सांगितलं. आत, कारण बाहेरून दिसले तर लोक घाबरतील असं वरचे म्हणत होते. तरी त्या हॉस्पिटलातल्या दोनशेहून जास्त कर्मचाऱ्यांना लागण झाली. ७ फेब्रुवारीला ली वेनलियांग गेले. १० मार्चपर्यंत त्यांच्यासह तिथले चार डॉक्टर गेले होते.

त्याच १० मार्च २०२० ला 'रेनवू' नावाच्या चिनी मासिकात आय फेन यांची मुलाखत आली. 'रेनवू' म्हणजे व्यक्ती. मुलाखतीचं शीर्षक होतं 'शिट्टी देणारी'. धोक्याची शिट्टी वाजवणारे म्हणून लोक लींचं नाव घेत होते. बाई म्हणाल्या, शिट्टी मी वाजवली नाही, मी ती दिली. इतकं होणार हे ठाऊक असतं तर बोलणी खायची पर्वा न करता दिसेल त्याला सांगितलं असतं, असंही त्या म्हणाल्या. ही एका नोकरदार बाईची खंत होती. आम्हांला ती फार जवळची वाटते.

चीनचे राष्ट्राध्यक्ष नेमके त्याच दिवशी वुहानच्या भेटीला आले होते. काही तासांत मुलाखत इंटरनेटवरून काढली गेली. ज्यांनी ती उतरवून आपल्या पानावर टाकली, त्यांचीही पानं गेली.

ती कशी गेली, हे थोडक्यात सांगतो. आम्ही कम्प्युटरचे तज्ज्ञ नाही, पण यातली युक्ती साधी आहे. वीचॅट हे तिथलं व्हॉट्सॲप. त्यावर जाणारा मजकूर यंत्र तपासतं. बंदी असलेल्या शब्दांची यादी असते, शब्द जुळला की मजकूर अडतो. मग फोटो काढून पाठवावा, तर यंत्र फोटोतली अक्षरंही वाचतं. शिवाय फोटोच्या प्रत्येक फाइलचा एक ठसा असतो, आपल्या अंगठ्यासारखा. एकदा तो ठसा काळ्या यादीत गेला की तीच फाइल पुन्हा कोणी पाठवली तरी पोचत नाही. यंत्राच्या नजरेतून जे सुटतं, ते पुसायला पगारी माणसं बसलेली असतात.

मग लोकांनी काय केलं? एकाने सगळा लेख उलटा लिहिला, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे. माणूस खटपट करून वाचतो, यंत्राला शब्द जुळत नाही. दुसऱ्याने चिनी अक्षरांऐवजी रोमन लिपीत उच्चार लिहिले. तिसऱ्याने मधले मधले शब्द काढून तिथे हसरी-रडवी चित्रं घातली, आपण मेसेजमध्ये घालतो तशी. कोणी तार खात्याच्या कट्ट-कडकट्टमध्ये, म्हणजे मोर्स कोडमध्ये, लेख उतरवला. कोणी तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर कोरत त्या लिपीत लिहिला. कोणी कादंबरीतल्या यक्षांच्या, तर कोणी टीव्ही मालिकेतल्या परग्रहवासीयांच्या कल्पित भाषेत केला. एक रूप पुसावं तर दोन नवी हजर.

आता तुम्ही विचाराल, परग्रहवासीयांच्या भाषेतला लेख वाचणार कोण? बहुतेक कोणीच नाही. पण ते पाहणाऱ्याला एवढं कळायचं की असा एक लेख आहे आणि तो कोणालातरी नको आहे. तो मग मूळ लेख शोधायचा. मुलाखत गुपचूप राहू दिली असती तर मासिकाच्या वाचकांनी वाचली असती. पुसल्यामुळे ती जगभर गेली. तिची इंग्रजी, जर्मन, जपानी भाषांतरं झाली.

काहींनी पळापळीपेक्षा साठवणीचा विचार केला. गिटहब नावाची एक जागा आहे, जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम तिथे ठेवतात. २०१३ च्या जानेवारीत चीनने ती बंद केली होती, पण चीनच्याच कंपन्यांचं काम अडलं, ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत ती उघडावी लागली. पुसले जाणारे लेख लोक नेमके तिथे ठेवू लागले. त्याआधी २०१८ मध्ये खराब लशींवरचा एक गाजलेला लेख इथेरियम या आभासी चलनाच्या खातेवहीत कोणीतरी व्यवहाराची टीप म्हणून लिहून ठेवला होता. त्या खातेवहीच्या प्रती जगभरच्या हजारो कम्प्युटरवर असतात आणि नोंद झाली की ती खोडता येत नाही. आमच्यासारख्या ऑफिसातल्या माणसाला ही कल्पना फारच आवडली. एकच रजिस्टर, हजार ठिकाणी.

हे ऐकताना मजा वाटते. पण याला किंमत असते. असे पुसलेले लेख गिटहबवर जपून ठेवणाऱ्या बीजिंगच्या दोन तरुणांना एप्रिल २०२० मध्ये पकडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी स्वतः काही लिहिलं म्हणून नव्हे. आधी छापून आलेलं, जाहीर असलेलं त्यांनी जपून ठेवलं होतं.

आपल्या गोव्याला ही गोष्ट परकी नाही. सालाझारच्या काळात इथलं वर्तमानपत्र सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय निघत नसे. लग्नपत्रिकासुद्धा दाखवावी लागे, असं आपल्या घरातले वृद्ध सांगत. त्या काळात २५ नोव्हेंबर १९५५ ला हद्दीपलीकडच्या सह्याद्रीच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी तो १९६१ च्या डिसेंबरपर्यंत चालवला. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून, रोज. इथे छापता न येणाऱ्या बातम्या दारं लावून, आवाज बारीक करून ऐकल्या जात. गोवा मुक्त झाल्याची बातमी या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर सांगितली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती. जंगलातलं यंत्र जाऊन हातातला मोबाईल आला, एवढाच फरक.

पण मित्रांनो, आम्हांला आज सांगायचं आहे ते याच्या पुढचं. बातमी दाबली तरी शेवटी फुटतेच, असं आपण समाधानाने म्हणतो. वुहानची बातमी फुटली. १९ मार्चला पोलिसांनी लींना दिलेली समज मागे घेतली आणि त्यांच्या कुटुंबाची माफी मागितली. एप्रिलमध्ये सरकारने त्यांना हुतात्मा म्हटलं. त्यांच्या शेवटच्या पोस्टखाली लाखो लोकांनी लिहिलं. कोणी दुःख सांगतं, कोणी फक्त शुभ सकाळ म्हणतं. हे सगळं झालं, पण ते एकवीस दिवस कोणी परत आणले नाहीत. नकला करणाऱ्यांनी लेख वाचवला. माणसं वाचवायची वेळ २ जानेवारीला त्या खोलीत होती आणि ती टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांनी घालवली. ते काही राक्षस नसतील. वरून विचारणा होईल, या भीतीने त्यांनी खालच्याला गप्प केलं असेल. आपल्यापैकी कितीतरी जण अशा टेबलाच्या अलीकडे बसलो आहोत आणि बढती मिळाल्यावर पलीकडेही. खालचा माणूस लाल वर्तुळ काढलेला कागद घेऊन आला, तर आधी कागद वाचायचा आणि मग त्याला काय म्हणायचं ते म्हणायचं. एवढं झालं तरी पुष्कळ.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि तिथे दोष आमचाच आहे. २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत आमच्या वाड्याच्या ग्रुपवर मेसेज आला की आपल्या पोदेराच्या घरी रुग्ण आहेत, ही गोष्ट दाबून ठेवली आहे, सगळ्यांना कळवा. 'दाबून ठेवली आहे' हे शब्द वाचले आणि आम्ही तो तीन ग्रुपवर पाठवला. आठ-दहा दिवस त्या माणसाच्या सायकलचा भोंपू वाजत होता आणि कोणी दार उघडत नव्हतं. त्याच्या घरी कोणी आजारी नव्हतं. पुढे आम्ही त्याच्याकडून पाव घेऊ लागलो, पण तो मेसेज पाठवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे सांगायचा धीर आजवर झाला नाही. आज या मांडवात पहिल्यांदाच सांगतो आहोत.

मग दाबलेली खरी बातमी आणि अफवा यांत फरक कसा करायचा? वुहानलाही खऱ्या बातमीला अफवाच म्हटलं होतं. आय फेन यांच्या मेसेजकडे पाहा. त्याच्या मुळाशी एक कागद होता, तपासणीचा. तो पाठवणारी बाई ते काम जाणणारी होती, त्याच जागी उभी होती आणि पुढे स्वतःच्या नावाने बोलली. तिने एकाही माणसावर बोट ठेवलं नाही, काळजी घ्या एवढंच त्यातून निघत होतं. आमच्या मेसेजला कागद नव्हता, मूळ पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, आणि बोट मात्र एका गरिबावर होतं. कागद कुठे आहे, सांगतो कोण, आणि बोट कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न आम्ही आता पुढे पाठवण्याआधी विचारतो. उत्तर नसेल तर मेसेज आमच्यापाशीच थांबतो.

शेवटी समोर बसलेल्या देवाकडे पाहू. विद्येची देवता म्हणून आपण त्याला पुजतो, पण तो नकलनवीसही आहे. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने ते लिहून घेतलं. आपली लेखणी थांबू नये, ही त्याची अट होती. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एकही श्लोक लिहायचा नाही. दोन्ही अटी देवाने पाळल्या. खरं ते लिहिताना हात थांबू नये आणि समजल्याशिवाय हात चालू नये. मोबाईल हातात असलेल्या आपणा सर्वांना एवढी बुद्धी त्याने द्यावी.



गणपती बाप्पा मोरया!