मदतीचा पत्ता

दिवसभराची पानांची खुडणी आटोपून, हातपाय धुऊन येथे येऊन बसलेल्या गृहस्थहो व भगिनींनो,

पुण्यात 1875 साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ग्रंथांत बंदिस्त असलेली विद्या चार लोकांच्या कानांवर घालण्याची रीत महाराष्ट्राला लागली. त्याच रीतीला अनुसरून मी आज शासकीय निर्णयांच्या दफ्तरांत बंदिस्त असलेली एक विद्या तुमच्यापुढे मांडणार आहे. ही विद्या फार उच्च कोटीची नाही. आजारी, अपंग किंवा निराधार माणसाकरिता सरकारने जी तरतूद केली आहे ती कोणत्या दारात मिळते, एवढाच तिचा विषय.

मागल्या हिवाळ्यात मी याच शिवारातल्या एका पानमळ्यात बसलो होतो. शेवरीवर चढलेल्या वेली बांधता बांधता एक माउली उठली, खोपीतल्या खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी घेऊन आली आणि तिने माझ्यापुढे कागद पसरले : रेशनकार्ड, शाळेचा दाखला, एका डॉक्टरांनी फार वर्षांपूर्वी हाताने लिहून दिलेली चिठ्ठी, कुठल्याशा शिबिराची पावती, आणि तीनचाकी सायकलींच्या वाटपाचे वर्तमानपत्रातले कात्रण. मुलगा एकोणीस वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. ती म्हणाली, "कागदं लई हायती, गुरुजी, पन ज्या दारात जावं तिथं दुसराच मागत्यात." सरकारने काय दिले नाही, याची तक्रार या वाक्यात मुळीच नव्हती. एका कचेरीत तिला तीनदा परत पाठवले होते, आणि तिन्ही वेळा कारण निराळे होते.

हे असे का होते? दुःख एका घरातले, एका खाटेवरचे. पण त्याचे वाटप मात्र अनेक खात्यांत झालेले आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आरोग्य खात्याचे वैद्यकीय मंडळ देते. 1980 साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान तहसील कचेरीतून मिळते, आणि ते चालू राहावे म्हणून दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कृत्रिम अवयव आणि तीनचाकी यांची केंद्रीय योजना सामाजिक न्याय मंत्रालयाची. प्रवासाची सवलत एस.टी.ची, आणि रुग्णालयातल्या मोठ्या उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व 2018 साली आलेली आयुष्मान भारत योजना यांच्याकडे. एवढ्या सगळ्या खात्यांचा ताळमेळ घालणारा कारकून कोण, तर ती पानमळ्यातली माउली.

म्हणून क्रम सांगतो. पानवेल लावण्याआधी शेवरी लावावी लागते, हे तुम्हांला मी शिकवायला नको. येथे शेवरीच्या जागी आहे ते अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याच्या जोडीचे, देशभर चालणारे ‘यूडीआयडी’ कार्ड. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; 2016 च्या कायद्याने ते एकवीस केले, आणि त्यांत स्वमग्नता, थॅलॅसिमिया, सिकलसेल, आम्लहल्ल्याने आलेली विकृती यांचाही अंतर्भाव झाला. बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्के अपंगत्व ही किमान मर्यादा आहे. जुन्या यादीत आपले दुखणे नव्हते म्हणून घरी परतलेल्या माणसाने पुन्हा एकदा अर्ज करावा. अर्ज संगणकावर भरता येतो, महा-ई-सेवा केंद्रातला मुलगा तो भरून देतो. पण अर्जाची पोच घेतल्यावाचून तेथून हलू नये.

मूल लहान असेल तर याहीआधीचे दार अंगणवाडी आणि शाळा हे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक 2013 पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य करते. ‘उशिरा बोलेल, आमच्यात सगळे उशिराच बोलतात’ असे म्हणून ती तपासणी चुकवणाऱ्या आजोबांविषयी मला आदर आहे, पण त्यांच्या निदानाविषयी नाही.

आता ज्या गोष्टीचा फारसा कोठे उच्चार होत नाही, तिच्याकडे वळतो. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईबापांचे पालकत्व संपते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत मग बँकेत सही कोणी करायची, सात-बारावर त्याचे नाव चढले तर त्याच्या वतीने बोलायचे कोणी, हे प्रश्न नेमके बाप थकला म्हणजे उभे राहतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांकरिता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती नेमली आहे. ती कायदेशीर पालक नियुक्त करते. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे तिचे संरक्षण नियमित उपचारांनाही लागू पडते. माझ्यापुढच्या पिशवीत या दोहोंपैकी एकाचाही कागद नव्हता, आणि मुलगा एकोणीस वर्षांचा होता.

मनाच्या दुखण्याविषयी थोडक्यात बोलतो. ते दुर्लक्ष करण्याजोगे आहे म्हणून नव्हे, तर तेथे कागद लागत नाही म्हणून. 14416 हा ‘टेली मानस’चा क्रमांक 2022 पासून चालू आहे. वृद्धांसाठी 14567, संकटातल्या मुलांसाठी 1098, रुग्णवाहिकेसाठी 108. हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तेलरंगाने लिहावेत. कागदी पत्रक पहिल्या पावसात जाते.

तुकोबांची पालखी तुमच्या गावी मुक्कामाला येते. त्या अफाट जनसमुदायात चुकलेली म्हातारी संध्याकाळपर्यंत आपल्या माणसांत पोचते, कारण ती एवढेच सांगते : रथामागे अमुक नंबरची दिंडी. वारीला जमलेली ही व्यवस्था सरकारी खात्यांना अजून का जमू नये, हे कोडे मला सुटलेले नाही. तोवर गावाने एक वही घालावी : कोणाचे प्रमाणपत्र झाले, कोणाचा अर्ज कोठे अडला, कोणाच्या हयातीच्या दाखल्याची मुदत केव्हा. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना हे सर्व तोंडपाठ असते; त्यांना फक्त कोणी विचारत नाही.

आणि एक. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा शासनाचा हुकूम आहे. येत्या 1 मे रोजी ग्रामसभा भरेल. तेथे ही रक्कम किती झाली, कशावर खर्ची पडली आणि शिल्लक किती, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून वाचून घ्या. त्या माउलीला मी पहिल्या ओळीत बसायला सांगितले आहे.