गोष्ट कळली का?



दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकातल्या गद्य उताऱ्यावर सात गुणांच्या कृती येतात. चौकटी भरा, आकृतिबंध पूर्ण करा, अशा आकलनाच्या कृतींना दोन आणि दोन गुण, आणि शेवटी 'स्वमत'ला तीन. आता उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला बसलेल्या कुणाही शिक्षकाला विचारा, हे तीन गुण तुम्ही कुणाच्या मताला देता? वर्गातल्या निम्म्या मुलांचं मत शब्दाला शब्द सारखं निघतं, आणि गाइडमध्ये ते आधीच छापलेलं असतं.

एक गोष्टच घेऊ. 2018 साली आलेल्या दहावीच्या कुमारभारतीत वि. स. खांडेकरांची 'गवताचे पाते' ही रूपककथा आहे. मूळ कथा खलील जिब्रानची, 1918 सालच्या 'द मॅडमन' या पुस्तकातली. इवलीशी गोष्ट. झाडावरून सुकलेलं पान गळतं, त्याच्या आवाजानं झोपमोड झाली म्हणून गवताचं पातं कुरकुरतं. पान चिडतं, पात्याचा जन्म काढतं, आणि खाली पडून मातीत मिसळून जातं. वसंतात तेच पान गवताचं पातं होऊन उगवतं. पुन्हा पानगळ येते, तेव्हा हे नवं पातंही तशीच कुरकुर करतं.

यावर 'कथेचे तात्पर्य लिहा' असं विचारलं, की उत्तर येतं: कुणी कुणाला कमी लेखू नये. उत्तर चूक नाही. पण ते गोष्ट न वाचताही लिहिता येतं. ससा-कासवाच्या गोष्टीखाली लिहिलं तरी खपून जाईल. मग आपण तपासलं काय?

त्याऐवजी असं विचारून बघावं: शेवटच्या पात्याला आपण कधीकाळी पान होतो हे आठवत असेल का? कशावरून? एखादी म्हणेल, नाही, आठवत असतं तर ते गप्प बसलं असतं. दुसरी म्हणेल, आठवत असेलही, पण आता झोपमोड त्याची होते ना. जाच सोसलेली सून सासू झाली की तेच करते. तिसरा प्रश्नालाच फाटा देऊन लिहील, की पातं फक्त आवाजाबद्दल बोललं होतं, जन्मावर गेलं ते पान, तेव्हा दोघांना एकाच मापानं दोष देऊ नका. ही उत्तरं एकमेकांशी भांडतात, पण तिन्ही मुलं गोष्टीवर बोट ठेवून बोलताहेत. तिसऱ्याला तर मी डोळे झाकून पूर्ण गुण देईन. त्यानं तात्पर्य मोडून काढलंय, तेही गोष्टीच्याच आधारानं.

यावर परीक्षक म्हणतील, मग एकवाक्यता कशी राहायची? नागपूरचा परीक्षक तीन देईल, रत्नागिरीचा एक. शंका रास्त आहे. म्हणून नमुना उत्तर देण्याऐवजी गुण कशाला ते ठरवून द्यावं: गोष्टीतला तपशील दिला तर एक, तो तपशील मताशी जोडला तर एक, आणि मांडणी स्वतःची असेल तर एक. मत कोणतं, याला गुणही नाही आणि दंडही नाही.

परीक्षेबाहेर, वर्गात, आणखी एक साधा उपाय आहे. फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली, आणि काही काळानं आठवून लिहायला सांगितली. 1932 सालच्या त्यांच्या ग्रंथात तो सगळा वृत्तांत आहे. सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, अनोळखी होडीच्या जागी ओळखीची होडी आली, न पटणारे तपशील गळून गेले. वाचकांनी गोष्ट आपापल्या जगात बसवून घेतली होती.

'गवताचे पाते' आठवड्यानं पुस्तक मिटून लिहायला सांगा. एखादं मूल वसंतापाशीच थांबेल, दुसरी पानगळ त्याच्या लक्षातच राहिलेली नसेल. त्याला ही पुनर्जन्माची गोष्ट वाटली, तिच्यातला टोमणा पोचला नाही, हे लगेच कळतं. कुणी शेवटी पानाकडून माफी मागवून घेईल. इतक्या बोधकथा ऐकल्यावर दुसरं काय होणार? असली चूक शिक्षकाला पुढचा तास काय घ्यायचा ते सांगते, म्हणून तिच्यावर काट मारून मोकळं होऊ नये.

राहता राहिलं शुद्धलेखन. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण निबंधात, पत्रात अवश्य कापा. पण गोष्ट कळली का हे बघताना घरची वऱ्हाडी किंवा अहिराणी वहीत उतरली म्हणून उत्तर अर्ध्यावर सोडून देऊ नये. 'पान म्हने' असं लिहिणाऱ्या मुलाच्या उत्तराला गोष्टीचा आधार असेल, तर तीनपैकी तीन द्यावेत, आणि 'म्हणे' कसं लिहितात ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर दाखवावं.