मित्रराष्ट्रांची सायबर तटबंदी



४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे १२ राष्ट्रांनी ज्या तहनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या, त्याच्या पाचव्या कलमात एकावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु ज्या आक्रमणात तोफ धडाडत नाही आणि सरहद्दीवरचे एकही ठाणे पडत नाही, त्याला हे कलम लागू करावे काय, याचा विचार त्या तहातून उभ्या राहिलेल्या नाटो या संघटनेला पुढे करावा लागला. २००७ च्या एप्रिलमध्ये टॅलिनमधील सोव्हिएतकालीन सैनिकाचा पुतळा शहराच्या मध्यभागातून हलवताच एस्टोनियातील सरकारी कचेऱ्या, बँका आणि वृत्तपत्रे यांच्या संगणकांवर निरर्थक मागण्यांचा भडिमार सुरू झाला. २०१४ मध्ये वेल्स येथील परिषदेने सायबर हल्ल्यासही पाचवे कलम लागू होऊ शकते असे मान्य केले, आणि २०१६ मध्ये वॉर्सा येथे सायबर अवकाशाला भूमी, सागर व आकाश यांच्या बरोबरीचे रणक्षेत्र म्हणून मान्यता मिळाली.

ठराव आणि प्रत्यक्ष बंदोबस्त यांतील अंतर तोडण्याचे काम सायबर संरक्षणाच्या क्षमता-अभियंत्याचे आहे. गरज निश्चित करणे, आवश्यकतांचा मसुदा लिहिणे, निविदांची छाननी करणे, सिद्ध झालेल्या यंत्रणेची कसून चाचणी घेणे आणि मग ती पहारा देणाऱ्या पथकाच्या हवाली करणे, हा त्याचा शिरस्ता. 'संशयास्पद हालचालीची सूचना त्वरित मिळावी' असे वाक्य मसुद्यात राहिले, तर ठेकेदाराला एक दिवसही त्वरितच वाटेल. म्हणून कोणत्या यंत्रावरील कोणती घटना, किती सेकंदांत, कोणाच्या पडद्यावर उमटावी आणि ती उमटते हे कोणत्या चाचणीने सिद्ध व्हावे, इतका तपशील त्याला लिहावा लागतो. दोन यंत्रांच्या घड्याळांत दोन मिनिटांची तफावत असेल, तर नोंदींवरून घुसखोराचा मार्ग उलटा दिसू शकतो. तेव्हा सर्व घड्याळांचा मेळ घालणे हेदेखील संरक्षणच होय.

याहून बिकट प्रश्न विश्वासाचा आहे. आज ३२ राष्ट्रे नाटो संघटनेत आहेत, आपापल्या जाळ्यांच्या रक्षणाची जबाबदारी प्रत्येकाची स्वतःची आहे, आणि आपल्या दफ्तरात शत्रू शिरला होता हे उघड करण्यास कोणतेही सरकार सहजी धजत नाही. बेल्जियमच्या संरक्षण खात्यातून उदयास आलेल्या आणि नाटोच्या पथकाच्या सहकार्याने वाढलेल्या 'मिस्प' या व्यवस्थेने यावर मोठा उपयुक्त मार्ग दाखवला: हल्ला कोणावर झाला हे न सांगताही घातक प्रणालीच्या खाणाखुणा मित्रांना कळवता येतात, आणि एकाने सोसलेला घाव इतरांच्या सावधगिरीच्या कामी येतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की ज्या तरुणांना या विद्येची गोडी आहे, त्यांनी गणिताइतकाच भाषेच्या काटेकोरपणाचाही अभ्यास करावा. कारण परस्परांच्या साह्यास धावून जाण्याचे जे वचन राष्ट्रप्रमुख देतात, ते संकटाच्या घटकेला पाळता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी त्या मसुद्यातील वाक्यांवर आणि त्यांच्या प्रामाणिक चाचणीवर अवलंबून असते.