मालिकेत शिरायचं कुठून?



देवघेवीच्या टेबलाशी तुम्हा ग्रंथपालांना वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न मी आजच्या भाषणासाठी निवडला आहे. अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या लांबलचक इंग्रजी मालिका वाचायच्या, तर सुरुवात कुठून करायची? सिनेमा पाहून भारावलेली एखादी मुलगी कपाटापाशी येते, 'व्हील ऑफ टाइम'चे चौदा जाडजूड खंड पाहते आणि आल्या पावली परत जाते. असा वाचक आपण गमावता कामा नये.

माझं मत स्पष्ट आहे. कथेतला काळ कुठे सुरू होतो हे पाहू नका. लेखकाने वाचकाला त्या जगात पहिल्यांदा कुठून आत नेलं, ते पाहा.

सी. एस. लुईस यांची नार्निया मालिका घ्या. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० साली आलं. त्यात छोटी लूसी कपाटातल्या कोटांमधून चाचपडत पुढे सरकते, पायाखाली बर्फ लागतं आणि भर जंगलात रस्त्यावरचा दिवा जळताना दिसतो. तो तिथे कसा, हे तिला ठाऊक नसतं आणि आपल्यालाही. त्याचं उत्तर १९५५च्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये आहे. पण त्यातल्या घटना आधीच्या, म्हणून हल्लीच्या संचांत त्याच पुस्तकावर पहिला क्रमांक छापलेला असतो. तो आकडा पाहून पुस्तक हाती दिलं, तर प्रश्न पडण्याआधीच उत्तर मिळून जातं. खुद्द लुईस यांनी १९५७ साली एका बालवाचकाला लिहिलेल्या पत्रात कालक्रमाच्या बाजूने कौल दिला होता. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी त्या दिव्याच्या बाजूने उभा आहे.

टोल्किन यांचंही तसंच. 'सिल्मरिलियन' विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरू होतं, पण नवख्याला ते देऊ नका. नावांच्या गर्दीत तो हरवेल. 'हॉबिट' द्या. १९३७च्या मूळ आवृत्तीत गोलम नावाचा प्राणी कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून लावतो. पुढच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या मोठ्या कादंबरीतली अंगठी अशी राजीखुशीने सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून टोल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि १९५१च्या आवृत्तीत ते आलं. 'हॉबिट'मधून पुढे येणाऱ्या वाचकाची लेखकानेच किती काळजी घेतली आहे! बालकथेचा सूर न रुचणाऱ्या प्रौढाला मात्र थेट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' द्यावं. दोन्ही मराठीत आहेत.

प्रॅचेट यांची 'डिस्कवर्ल्ड' हा ठळक अपवाद. एकेचाळीस कादंबऱ्या, पण बहुतेक स्वतंत्रपणे वाचता येतात. १९८३ची पहिली कादंबरी जुन्या अद्भुतकथांचं विडंबन करते. त्या न वाचलेल्याला त्यातली गंमत कशी कळणार? त्याला १९८९ची 'गार्ड्स! गार्ड्स!' द्यावी. आणि खंडांची धास्ती घेतलेल्यांसाठी अर्सुला ल ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आहे, १९६८ची. छोटी, आणि स्वतःपुरती पूर्ण. मी सर्वांत आधी तीच सुचवतो.

शेवटी एक विनंती. बहुतेकांना पहिलाच खंड हवा असतो आणि तोच नेमका बाहेर गेलेला असतो. पुढच्या खरेदीत शेवटचा खंड थोडा उशिरा आला तरी चालेल. पहिल्याच्या दोन प्रती घ्या. आणि कुठला खंड आधी वाचावा, याची चिठ्ठी आतल्या पानावर चिकटवा.