ग्रंथालयाची वेळ आणि एस.टी.ची वेळ



महाविद्यालयीन ग्रंथालयाने विद्यार्थ्यांपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ चर्चिला जातो. मूल्यांकन समिती येणार असली म्हणजे तर तो विशेष निकडीने चर्चिला जातो. मग ग्रंथप्रदर्शन भरते, १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार पडतो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, एखादा 'उत्कृष्ट वाचक' निवडला जातो आणि या सर्वांची छायाचित्रे अहवालाला जोडली जातात. यांपैकी एकही उपक्रम मुळात वाईट नाही. परंतु परभणीसारख्या जिल्ह्यात विद्यार्थी आणि ग्रंथ यांच्यामध्ये जे अंतर पडले आहे ते नेमके कशाचे आहे, याचा हिशेब मांडल्यावाचून केलेले उपक्रम म्हणजे दार बंद ठेवून चौकटीला तोरण बांधण्यासारखे आहे.

हिशेब अगदी साधा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर गेली होती. परभणी जिल्हा ७३ टक्क्यांच्या आसपास होता, आणि स्त्रियांच्या बाबतीत स्थिती याहूनही मागे होती. म्हणजे आज महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींपैकी फार मोठ्या संख्येच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील पुस्तक कधी आलेलेच नाही. जिंतूर, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील खेड्यांतून विद्यार्थी एस.टी.ने येतात. सकाळचे तास आटोपले की परतीची गाडी गाठायची असते. ती चुकली तर पुढची केव्हा, याचा भरवसा नसतो. मुलींच्या बाबतीत तर गाडी चुकणे ही घरच्यांच्या दृष्टीने शिक्षणच थांबविण्याइतकी गंभीर बाब ठरू शकते. ज्या वेळेत तास चालू असतात त्याच वेळेत ग्रंथालय उघडे, आणि तास संपले की देवघेवीची खिडकी बंद, अशी व्यवस्था असेल तर त्या मुलीने पुस्तक घ्यावे केव्हा? त्यातून वेळ काढलाच तर चिठ्ठी भरावी, खिडकीशी उभे राहावे, पुस्तक बाहेर गेले असल्याचे ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. अनामत रक्कम वेगळी, उशिराचा दंड वेगळा. कापसाच्या वेचणीचे आणि सोयाबीनच्या काढणीचे दिवस असले तर आठ-आठ दिवस महाविद्यालयात येणेच होत नाही. दंड मात्र रोजच्या रोज चढत असतो.

'आजच्या विद्यार्थ्यांना वाचनाची गोडी नाही,' हा निदानाचा प्रकार अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला संशयास्पद वाटला पाहिजे. मागणी कमी दिसते तेव्हा प्रथम किंमत पाहावी. ग्रंथालयातील पुस्तकाची किंमत त्याच्या वेष्टनावर छापलेली नसते. ती चुकलेल्या गाडीत, बुडालेल्या मजुरीत, दंडाच्या धास्तीत आणि खिडकीवर झालेल्या उपेक्षेत मोजावी लागते. ही किंमत सुखवस्तू घरातल्या विद्यार्थ्याला जाणवतही नाही. शेतमजुराच्या मुलाला ती परवडत नाही. म्हणून ग्रंथालयाचा संपर्क वाढविणे याचा पहिला अर्थ ही अदृश्य किंमत उतरविणे हा आहे. कल्पकतेला वाव आहे तो येथेच.

या दृष्टीने मागे वळून पाहिले तर आश्वासक गोष्टी दिसतात. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सोडल्यावर हाती पुस्तकच आले नाही तर शिकलेले अक्षर विसरले जाते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९१० साली त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले. आणि त्या व्यवस्थेतून पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथून १९३१ साली बैलगाडीचे फिरते ग्रंथालय निघाले. त्याच वर्षी रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील चौथा सिद्धान्त वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. आमच्याकडे तो भिंतीवर चौकटीत लावलेला आढळतो, आणि त्याच भिंतीखाली रांग उभी असते!

मराठवाड्याला तर ग्रंथालयाचे मोल निराळ्या मार्गाने उमगले होते. निजामी राजवटीत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठीला उच्च शिक्षणात जवळजवळ थारा नव्हता. सार्वजनिक सभांवर परवानगीचा जाच होता. अशा काळात वाचनालय हे मराठी माणसाला एकत्र येऊन वर्तमानपत्र वाचण्याचे आणि त्यानिमित्ताने बोलण्याचे ठिकाण होते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला भरले. हे परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होते. वाचलेल्या गोष्टीवर चारचौघांत बोलता येणे हा त्या पिढीच्या दृष्टीने वाचनाचाच भाग होता, आणि आजच्या महाविद्यालयीन ग्रंथालयात नेमका तोच हरवला आहे.

हरवला म्हणण्याचे कारण असे की ग्रंथालये आज ओस पडलेली नाहीत. किंबहुना अनेक ठिकाणी बसायला जागा मिळत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले पहाटेपासून खुर्ची धरून बसतात; मात्र त्यांच्यासमोर असतात त्यांनी स्वतः आणलेली मार्गदर्शके आणि प्रश्नसंच. त्यांना ग्रंथालयाकडून टेबल, दिवा आणि शांतता हवी असते. ज्यांना तेथे जागा मिळत नाही ते खाजगी अभ्यासिकेला महिन्याचे पैसे मोजतात. या मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. जेथे शेती तोट्यात आणि कारखानदारी नाममात्र, तेथे सरकारी नोकरीची आशा हीच एकमेव शिडी दिसणार. परंतु शंभर जण परीक्षेला बसतात तेव्हा नव्वदांहून अधिक जणांना त्या शिडीवरून परतावे लागते, हेही तितकेच खरे. त्या परतलेल्या तरुणाजवळ चार वर्षांच्या घोकंपट्टीखेरीज काय उरते? त्याच खोलीत, दहा पावलांवर, कुलूपबंद कपाटात आपल्या जिल्ह्याचा, आपल्या शेतीचा, आपल्या दारिद्र्याचा विचार करायला लावणारी पुस्तके होती, हे त्याला कुणी सांगितलेलेही नसते.

ती दहा पावले चालायला लावणे हे ग्रंथपालाचे काम आहे. कपाटांची कुलुपे काढून मुक्तप्रवेश देणे ही त्याची सुरुवात. 'पुस्तके चोरीला जातील' हा आक्षेप ठरलेला आहे. चार पुस्तके जातीलही; पण न वाचता वाळवीच्या तोंडी पडणाऱ्या पुस्तकांची मोजदाद कुणी करीत नाही. देवघेवीची वेळ शेवटचा तास आणि परतीची गाडी यांच्यामध्ये बसवावी. वेचणीच्या हंगामात दंड माफ करावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर खेड्यात जाते, त्याबरोबर पुस्तकांची एक पेटी जावी आणि ती शिबिरानंतरही त्या गावातील विद्यार्थ्यांकडे महिनाभर राहावी. बडोद्याची पेटी ती हीच.

याहून पुढेही जाता येईल. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. रब्बी ज्वारीचा 'परभणी मोती' हा वाण तेथेच निघाला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने अशा वाणांविषयीची पुस्तिका घरी नेऊन वडिलांना वाचून दाखविली, तर त्या घरात पुस्तकाला प्रथमच प्रतिष्ठा मिळेल. उलट दिशेनेही काही यावे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अद्याप गावोगाव आहेत. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, पण त्यामागे खडी फोडणाऱ्या हातांच्या आठवणी आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून त्या लिहून घ्याव्यात आणि ग्रंथालयाने त्यांना दाखलक्रमांक देऊन कपाटात ठेवावे. ज्या कपाटात आपल्या आजीचे बोलणे आहे त्या कपाटाजवळ मुलगी एकदा तरी जाईलच, आणि शेजारचे पुस्तकही चाळील.

सातोन्याला जन्मलेले बी. रघुनाथ सरकारी कारकुनी करीत लिहीत राहिले आणि १९५३ साली चाळिशीतच गेले. परभणी त्यांची आठवण अगत्याने ठेवते, ही भूषणाची गोष्ट आहे. पण महोत्सवाच्या आठवड्याबाहेर त्यांची पुस्तके विद्यार्थ्याच्या हाती कितीदा जातात? १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारायण सुर्वे यांच्याकडे होते. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला, शाळेत शिपायाचे काम केलेला हा कवी. सुर्वे यांच्या कविता पहिल्या वर्षाच्या वर्गात पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखविल्या तर कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा अधिक काम होईल.

अर्थात हे करणार कोण, हा प्रश्न उरतो. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा रिकामी आहे किंवा तासिकांच्या कामाला जुंपलेल्या माणसावर तिचा भार टाकला आहे. शासनाने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पण त्यात ग्रंथालय कराची तरतूद ठेवली नाही. म्हणून गावचे वाचनालयही अनुदानाच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यामुळे महाविद्यालयाने हात आखडला तर विद्यार्थ्याला दुसरा आधार दुबळाच असतो. कल्पक उपक्रमांचे कौतुक करताना भरतीचा प्रश्न झाकला जात असेल तर ते कौतुक संशयाने पाहावे.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती नेमली असून तीत विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींनाही स्थान आहे. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या प्रतिनिधींशी बोलावे. समितीच्या पुढच्या बैठकीत एस.टी.चे वेळापत्रक आणि ग्रंथालयाचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवायला सांगावे. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या किती मुलींनी पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त एक तरी पुस्तक घरी नेले, हा आकडा देवघेवीच्या नोंदवहीतून काढून मागावा, आणि तो मिळेपर्यंत बैठकीच्या इतिवृत्तावर सही करू नये.